विस्मृत स्त्रियांचा शोध : एलिझाबेथ श्यूस्लर फिओरेंझा यांचे धर्मचिंतन

येशूचे बारा प्रेषित पुरुष होते आणि प्रारंभीच्या ख्रिस्ती मंडळीचे नेतृत्वही पुरुषांकडेच होते, असे अनेक शतके गृहीत धरले जात होते. या गृहीतकाची इतिहास, भाषा आणि धर्मविचार अशा तिन्ही अंगांनी तपासणी करणाऱ्या विद्वानांमध्ये एलिझाबेथ श्यूस्लर फिओरेंझा यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. रुमानियात जन्म, जर्मनीत शिक्षण आणि अमेरिकेत अध्यापन असा त्यांचा जीवनप्रवास आहे. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इन मेमरी ऑफ हर' या त्यांच्या ग्रंथामुळे नव्या कराराच्या अभ्यासाला वेगळी दिशा मिळाली.

स्त्रियांना धर्मात स्थान द्यावे, एवढीच मागणी या ग्रंथात नाही. स्त्रिया प्रारंभापासूनच तेथे होत्या. त्यांची नोंद अपुरी ठेवली गेली आणि जी ठेवली गेली ती पुढील वाचकांनी व अनुवादकांनी आणखी पुसट केली, असे त्याचे प्रतिपादन आहे. हे प्रतिपादन कसे उभे राहिले आणि त्यावर कोणते आक्षेप घेण्यात आले, याचा हा आढावा.

निर्वासित बालपण आणि विद्यापीठाची दारे

श्यूस्लर फिओरेंझा यांचा जन्म १७ एप्रिल १९३८ रोजी रुमानियाच्या बनात प्रदेशातील चेनाद या गावी, जर्मन भाषक कॅथलिक कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्य जवळ येऊ लागले, तेव्हा १९४४ च्या अखेरीस या कुटुंबाने गाव सोडले. सहा वर्षांच्या वयात वाट्याला आलेले हे निर्वासितपण पुढे जर्मनीत संपले.

व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात त्यांनी ईशज्ञानाचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राचा, संपूर्ण अभ्यासक्रम निवडला. हा अभ्यासक्रम प्रामुख्याने भावी धर्मगुरूंसाठी आखलेला होता आणि तेथे तो पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. धर्मगुरूपदासाठी आवश्यक असलेले सर्व ज्ञान त्यांनी संपादन केले. मात्र स्त्री असल्यामुळे ते पद त्यांना मिळणे शक्य नव्हते.

१९६४ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'विस्मृत सहकारी' असा होतो. चर्चच्या दैनंदिन कार्यात स्त्रिया प्रत्यक्षात कोणकोणती सेवा बजावतात, याची त्यात मांडणी होती. रोममध्ये त्या वेळी दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू होती आणि त्याच वर्षीच्या तिसऱ्या सत्रात काही स्त्रियांना केवळ श्रोत्या म्हणून प्रथमच प्रवेश देण्यात आला होता. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे पुस्तकाच्या शीर्षकातील सूचकता ध्यानात येते.

डॉक्टरेटच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्तीचा प्रश्न आला, तेव्हा एका प्राध्यापकांनी त्यांच्या नावाचा विचार करण्यास नकार दिला. स्त्रीला ईशज्ञानाच्या क्षेत्रात भवितव्य नाही, असे कारण त्यांनी दिल्याचे श्यूस्लर फिओरेंझा यांनी पुढे नमूद केले आहे. त्यानंतर त्या म्युन्स्टर विद्यापीठात गेल्या आणि १९७० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तत्पूर्वी १९६७ मध्ये अमेरिकी धर्मशास्त्रज्ञ फ्रान्सिस फिओरेंझा यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. विवाहानंतर दोघांनीही 'श्यूस्लर फिओरेंझा' असे संयुक्त आडनाव स्वीकारले.

१९७० मध्ये हे दांपत्य अमेरिकेतील नोत्र डेम विद्यापीठात अध्यापनासाठी दाखल झाले. तेथून १९८४ मध्ये त्या केंब्रिजच्या एपिस्कोपल डिव्हिनिटी स्कूलमध्ये आणि १९८८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या डिव्हिनिटी स्कूलमध्ये गेल्या. १८८० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर' या विद्वत्संस्थेच्या अध्यक्षपदी १९८७ मध्ये त्यांची निवड झाली. संस्थेच्या १०७ वर्षांच्या इतिहासात हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

नाव न उरलेली स्त्री

'इन मेमरी ऑफ हर' या शीर्षकाचा अर्थ 'तिच्या स्मरणार्थ' असा आहे. त्याला मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातील एका प्रसंगाचा आधार आहे. येशूला अटक होण्यापूर्वी काही दिवस बेथानी गावात शिमोन नावाच्या गृहस्थाच्या घरी भोजन सुरू असते. एक स्त्री जटामांसीच्या मौल्यवान सुगंधी तेलाची कुपी घेऊन येते, ती फोडते आणि ते तेल येशूच्या मस्तकावर ओतते. उपस्थितांपैकी काही जण चिडतात. हे तेल तीनशेहून अधिक दिनारांना विकून तो पैसा गरिबांना देता आला असता, असे त्यांचे म्हणणे असते. येशू तिची बाजू घेतो. जगात जेथे जेथे शुभवर्तमान सांगितले जाईल तेथे तिने केलेले कृत्यही तिच्या स्मरणार्थ सांगितले जाईल, असे तो म्हणतो.

परंतु ज्या स्त्रीचे स्मरण सर्वत्र राहील असे सांगितले गेले, तिचे नाव मार्कने दिलेले नाही. त्याच अध्यायात येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाचे नाव आहे आणि त्याला ओळखतही नाही असे सांगणाऱ्या पेत्राचेही नाव आहे. ती दोन्ही नावे ख्रिस्ती जगतात लहान मुलांनाही ठाऊक असतात. श्यूस्लर फिओरेंझा यांनी आपल्या ग्रंथाचा प्रारंभ याच विसंगतीकडे लक्ष वेधून केला आहे.

या कृत्याच्या अर्थाकडेही त्या लक्ष वेधतात. प्राचीन इस्राएलमध्ये संदेष्टे राजाच्या मस्तकावर तेल ओतून त्याचा अभिषेक करीत. 'ख्रिस्त' या शब्दाचा अर्थही 'अभिषिक्त' असाच आहे. त्यामुळे मस्तकावर तेल ओतणारी ही स्त्री संदेष्ट्याचे कार्य करीत होती, असे त्यांचे विवेचन आहे. लूककृत शुभवर्तमानातील अभिषेकाच्या कथेत मात्र ही स्त्री पापी म्हणून येते आणि तेल मस्तकाऐवजी पायांना लावले जाते. कथा सांगणारा बदलला की स्त्रीची भूमिका कशी बदलते, याचे हे उदाहरण म्हणून दिले जाते.

एक स्वर, एक शब्द आणि अनुवादाचा प्रश्न

त्यांच्या युक्तिवादाचा दुसरा आधार म्हणजे पौलाने रोममधील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय. हा अध्याय वरकरणी नमस्कारांची यादी वाटतो. मात्र इतिहासकारांच्या दृष्टीने ती त्या काळातील कार्यकर्त्यांची नोंद आहे. त्यात दहा स्त्रियांचा उल्लेख आढळतो.

यातील पहिली फिबी. ती करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातील मंडळीची 'डिआकोनोस' असल्याचे पौल लिहितो. हाच ग्रीक शब्द तो स्वतःसाठी आणि अपुल्लो या आपल्या सहकाऱ्यासाठीही वापरतो. पुरुषांच्या बाबतीत इंग्रजी अनुवादकांनी त्याचा अर्थ धर्मसेवेचा अधिकारी असा केला, तर फिबीच्या बाबतीत १६११ च्या इंग्रजी अनुवादात त्याचा अर्थ केवळ सेविका असा झाला. तिच्यासाठी पौलाने वापरलेला 'प्रोस्टाटिस' हा शब्द आश्रयदात्री किंवा संरक्षक या अर्थाचा आहे. १९४६ च्या अनुवादात तो मदतनीस या अर्थाने आला. १९८९ च्या सुधारित इंग्रजी अनुवादात दोन्ही शब्दांना त्यांचे वजन परत मिळाले.

दुसरे उदाहरण युनियाचे. अंद्रोनिक आणि युनिया हे प्रेषितांमध्ये नावाजलेले आहेत, असे पौल म्हणतो. चौथ्या शतकातील धर्मपिता योहान क्रिसोस्टोम यांनी युनियाला स्त्री मानले आणि प्रेषितांमध्ये गणली गेल्याबद्दल तिचा गौरव केला. मध्ययुगानंतर मात्र हे नाव 'युनियास' या पुरुषाचे असल्याचे मानले जाऊ लागले. ग्रीक भाषेत या दोन रूपांतील भेद केवळ स्वरचिन्हाचा आहे आणि सर्वांत जुन्या हस्तलिखितांत स्वरचिन्हे नाहीत. 'युनिया' हे रोमन स्त्रियांचे परिचित नाव होते. 'युनियास' या पुरुषनामाचा प्राचीन काळातील एकही दाखला मिळत नाही. तरीही नव्या कराराच्या प्रमाण ग्रीक संहितेत १९२७ पासून १९९८ पर्यंत पुरुषी रूप छापले जात होते. स्त्री प्रेषित असू शकत नाही हे आधीच ठरलेले असल्यामुळे, प्रेषित म्हटलेली व्यक्ती पुरुषच असली पाहिजे, असा निष्कर्ष काढण्यात आला होता.

या नावाविषयी बर्नाडेट ब्रुटेन आणि एल्डन एप यांच्यासह अनेक अभ्यासकांनी संशोधन केले आहे. श्यूस्लर फिओरेंझा यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी अशा सुट्या निरीक्षणांमधून वाचनाची एक पद्धत उभी केली.

संशयापासून कल्पनेपर्यंत

ही पद्धत त्यांनी १९८४ मध्ये प्रकाशित झालेल्या 'ब्रेड नॉट स्टोन' या पुस्तकात चार अंगांनी मांडली. पहिले अंग संशयाचे. धर्मग्रंथाचा मजकूर पुरुषांनी, पुरुषप्रधान समाजात आणि बहुधा पुरुष वाचकांसाठी लिहिला आहे, हे वाचकाने विसरू नये. स्त्रियांना गप्प राहण्याची आज्ञा एखाद्या पत्रात आढळली, तर स्त्रिया तेव्हा बोलत होत्या असाच त्याचा अर्थ निघतो. जे घडतच नाही त्याला मनाई करण्याची गरज नसते.

दुसरे अंग स्मरणाचे. ग्रंथातील त्रोटक उल्लेख, शिलालेख आणि तत्कालीन समाजाची माहिती एकत्र करून स्त्रियांचा इतिहास पुन्हा उभा करावयाचा. तिसरे अंग मूल्यमापनाचे. एखादे वचन आज धर्मोपदेशात सांगितले तर त्याचा स्त्रियांवर काय परिणाम होईल, हे पाहावयाचे. मारहाण करणाऱ्या पतीच्या पत्नीला सहनशीलतेचे वचन ऐकवणे हा या दृष्टीने केवळ अर्थनिर्णयाचा प्रश्न उरत नाही. तो नैतिक जबाबदारीचा होतो. चौथे अंग सर्जनशील कल्पनेचे. कथा, प्रार्थना आणि विधी यांच्याद्वारे त्या स्त्रियांना पुन्हा वाचा द्यावयाची. पुढील लेखनात त्यांनी या पद्धतीचा आणखी विस्तार केला.

१९८७ मध्ये बोस्टन येथे केलेल्या अध्यक्षीय भाषणातही त्यांनी हाच मुद्दा विद्वानांसमोर ठेवला. बायबलचा अभ्यासक तटस्थ वैज्ञानिक असल्याचे सांगून आपल्या निष्कर्षांच्या परिणामांपासून अलिप्त राहू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हा ग्रंथ कोट्यवधी लोकांच्या आयुष्यात आज्ञेचे काम करतो, म्हणून त्याचा अर्थ लावणाऱ्याने उत्तरदायित्व स्वीकारले पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

पुरुषसत्ता नव्हे, स्वामिसत्ता

१९९२ मध्ये त्यांनी 'किरिआर्की' हा नवा शब्द प्रचारात आणला. ग्रीक भाषेत 'किरिओस' म्हणजे स्वामी किंवा मालक. या संज्ञेला मराठीत स्वामिसत्ता म्हणता येईल. पुरुषसत्ता या शब्दामुळे सर्व पुरुष वर आणि सर्व स्त्रिया खाली असे सोपे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात प्राचीन ग्रीक-रोमन घराण्यात सत्ता एका मालमत्ताधारक, स्वतंत्र पुरुषाच्या हाती असे. त्याच्या अधीन पत्नी, मुले, गुलाम स्त्रिया आणि गुलाम पुरुषही असत. मालकाच्या पत्नीची सत्ता गुलाम पुरुषावरही चालत असे. वंश, वर्ग, लिंग आणि वसाहतवाद या शोषणाच्या गुंफलेल्या उतरंडी एका शब्दात दाखवता याव्यात, हा त्यांचा हेतू होता.

या दृष्टीने त्यांनी नव्या करारातील दोन परस्परविरोधी प्रवाह दाखवून दिले. गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हे भेद ख्रिस्तामध्ये उरत नाहीत, असे विधान आहे. हे विधान पौलापूर्वीच्या बाप्तिस्म्याच्या विधीतून आले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. याउलट कलस्सैकरांस आणि इफिसकरांस पत्रांत पत्नीने पतीच्या, मुलांनी आईवडिलांच्या आणि दासांनी मालकाच्या आज्ञेत राहावे, असे गृहनियम आढळतात. या नियमांची चौकट ॲरिस्टॉटलच्या गृहव्यवस्थेविषयीच्या विचारांशी जुळते. पहिल्या प्रवाहाला श्यूस्लर फिओरेंझा 'समानांचे शिष्यत्व' म्हणतात. साम्राज्याच्या रीतीशी जुळवून घेताना दुसरा प्रवाह प्रबळ ठरला, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आक्षेप आणि मतभेद

या मांडणीवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. उपलब्ध पुराव्यापेक्षा कल्पनेचा आधार अधिक घेतला आहे आणि प्रारंभीची समानता प्रत्यक्षाहून उजळ रंगवली आहे, असे काही इतिहासकारांचे मत आहे. पुरावा तुटक असताना मौनाचा अर्थ लावणे धोक्याचे आहे, हा आक्षेप गंभीर मानला जातो. परंपरेने ठेवलेल्या चित्रातही रिकाम्या जागा कल्पनेनेच भरलेल्या आहेत आणि तेथे पुरुषांची कल्पना वापरली गेली आहे, असे त्याला उत्तर दिले जाते.

दुसऱ्या बाजूने, काही स्त्रीवादी विचारवंतांना ख्रिस्ती धर्मात राहून सुधारणा करणेच निष्फळ वाटत होते. अमेरिकी विचारवंत मेरी डेली यांनी नोव्हेंबर १९७१ मध्ये हार्वर्डच्या मेमोरियल चर्चमध्ये प्रवचन देऊन त्याच वेळी उपस्थितांना चर्चबाहेर पडण्याचे आवाहन केले आणि अनेकांनी त्यांच्यासोबत चर्च सोडले. श्यूस्लर फिओरेंझा यांनी हा मार्ग स्वीकारला नाही. या परंपरेसाठी ज्या स्त्रियांनी कष्ट उपसले, तिचा वारसा त्यांच्या वंशजांनी का सोडावा, असा त्यांचा प्रश्न होता.

ज्युडिथ प्लास्को यांच्यासारख्या यहुदी स्त्रीवादी विदुषींनी आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधले होते. येशूला स्त्रियांचा कैवारी ठरविण्यासाठी तत्कालीन यहुदी धर्म मुद्दाम काळा रंगविला जातो, असा तो आक्षेप होता. श्यूस्लर फिओरेंझा यांनी येशूची चळवळ ही यहुदी समाजांतर्गत नूतनीकरणाची चळवळ असल्याची मांडणी केली. १९८५ मध्ये या दोघींनी मिळून धर्माच्या स्त्रीवादी अभ्यासाला वाहिलेल्या नियतकालिकाची स्थापना केली.

कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका मात्र बदललेली नाही. १९७५ मध्ये डेट्रॉईट येथे स्त्रियांच्या दीक्षाविधीविषयी परिषद भरली होती आणि तीत श्यूस्लर फिओरेंझा यांचा सहभाग होता. त्यानंतर व्हॅटिकनने १९७६ च्या घोषणापत्राद्वारे आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ च्या पत्राद्वारे स्त्रियांना धर्मगुरूपद देता येणार नाही, असे स्पष्ट केले. पुढे खुद्द श्यूस्लर फिओरेंझा यांनीही असे मत मांडले की, आहे त्याच उतरंडीत स्त्रियांना एक पायरी मिळाल्याने प्रश्न सुटणार नाही. उतरंडीचेच स्वरूप बदलले पाहिजे. पोप फ्रान्सिस यांच्या कार्यकाळात स्त्रियांच्या डीकनपदाच्या अभ्यासासाठी २०१६ आणि २०२० मध्ये आयोग नेमण्यात आले. २०१६ मध्येच मग्दालिया मरियेचा स्मरणदिन, २२ जुलै, प्रेषितांच्या सणांच्या दर्जाचा करण्यात आला.

भारतीय संदर्भ

भारतात या विषयाला स्वतंत्र पार्श्वभूमी आहे. पंडिता रमाबाई यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक भाषा आत्मसात करून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला. ५ एप्रिल १९२२ रोजी झालेल्या त्यांच्या निधनापूर्वी हे काम पूर्ण झाले होते. सामान्य स्त्रियांना कळेल अशी सोपी मराठी हा त्यांचा आग्रह होता आणि छपाईच्या कामात मुक्ती मिशनमधील स्त्रियांचा सहभाग होता. रमाबाईंची श्रद्धा आणि श्यूस्लर फिओरेंझा यांची चिकित्सा यांत मोठे अंतर आहे. तथापि, मूळ भाषा शिकून ग्रंथाचा अर्थ स्वतः ठरविण्याचा अधिकार स्त्रीने घेणे, हा दुवा दोघींमध्ये समान आहे.

चर्च ऑफ साउथ इंडियाने १९७६ पासून स्त्रियांना दीक्षा देण्यास प्रारंभ केला आणि २०१३ मध्ये आंध्र प्रदेशातील नंद्याल येथे एग्गोनी पुष्पा ललिता या त्या चर्चच्या पहिल्या महिला बिशप झाल्या. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१० मध्ये लिंगभाव धोरण जाहीर केले. मुंबईत ख्रिस्ती स्त्रीवादी कार्यकर्त्यांच्या एका गटाने 'सत्यशोधक' हे नाव धारण केले. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या समाजाची त्यातून आठवण होते.

स्वामिसत्तेची संकल्पना भारतीय वाचकाला समजावून सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. घरातील उच्चवर्णीय स्त्री पतीच्या आज्ञेत असते. अंगणात काम करणारा दलित मजूर तिच्या आज्ञेत असतो आणि त्या मजुराची पत्नी या दोघांच्याही खाली असते. केवळ स्त्री-पुरुष असा भेद केल्यास या तिसऱ्या व्यक्तीचे जीवन नजरेतून निसटते.

आजचे महत्त्व

फिबीच्या पदाचा उल्लेख 'सेविका' असा करायचा की 'अधिकारी', हा शब्दकोशातील निवडीचा प्रश्न वाटू शकतो. मात्र त्या एका शब्दावर पुढील अनेक शतके मंडळीत कोणी बोलावे आणि कोणी ऐकावे, याचे निर्णय अवलंबून राहिले. कोणताही पवित्र ग्रंथ वाचकापर्यंत पोहोचतो तो लेखक, नकलकार, अनुवादक आणि उपदेशक अशा अनेक हातांमधून. त्या हातांनी काय गाळले, याची विचारणा करणे म्हणजे ग्रंथाचा अवमान नव्हे, ही श्यूस्लर फिओरेंझा यांच्या कार्याची मध्यवर्ती भूमिका आहे.

बेथानीच्या त्या स्त्रीचे नाव मार्कच्या शुभवर्तमानातून आजही कळत नाही आणि त्यांच्या संशोधनानेही ते सापडलेले नाही. मात्र त्या भोजनाच्या प्रसंगी ती तेथे होती आणि तिने केलेले कृत्य स्मरणात ठेवण्यास सांगितले गेले होते, एवढे त्यांच्या ग्रंथानंतर अभ्यासकांना दुर्लक्षिता आलेले नाही.